एकशे दोन वर्षांचा विद्यार्थी

इंजिनिअरिंगला आलेल्या प्रत्येकाला काही नावं तोंडपाठ असतात. न्यूटन, बर्नुली, रेनॉल्ड्स, फुरिए... एकाच्या नावाचा नियम, दुसऱ्याच्या नावाचा नंबर, तिसऱ्याच्या नावाची सिरीज. परीक्षेच्या आदल्या रात्री आपण या सगळ्यांना मनातल्या मनात काय काय म्हणतो ते इथे छापता येणार नाही! पण एक नाव असं आहे की ज्याचा एकही नियम आपल्याला पाठ करावा लागत नाही, आणि तरी रोज सकाळी (नळाला पाणी असेल तर) आपण ज्याला हात लावतो त्या वस्तूचं कोडं त्यानेच सोडवलं. मिशेल युजीन शेव्रल. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ. साबण म्हणजे नेमकं काय, हे जगाला पहिल्यांदा नीट समजावून सांगणारा माणूस.

हा माणूस मला भेटला तो तेलांच्या भांडणातून. गॅदरिंगच्या फन-फेअरमध्ये आम्ही चौघींनी घरगुती साबणाचा स्टॉल लावायचं ठरवलं होतं. वर्गणी बेताची आणि मतं मात्र चार! एक म्हणाली, ऑलिव्ह ऑइल आणि शिया बटरच हवं, महागड्या साबणांवर तेच लिहिलेलं असतं. दुसरीचं म्हणणं, मेसमध्ये येतं ते पामतेल घ्या, कशाला उगाच पैसे घालवायचे? तिसरी सिंधुदुर्गची. तिच्या घरी कोकमाच्या बियांचं भिरंडेल असतं, थंडीत टाचांना लावतात ते, तेच आणते म्हणाली. चौथी मी, मला काहीच माहीत नव्हतं म्हणून मी लायब्ररीत गेले. तेल-चरबीवरचं जे पुस्तक हाती लागलं त्याच्या पहिल्याच प्रकरणात शेव्रलचं नाव होतं. भांडणाचं उत्तर तर मिळालंच, पण त्या उत्तरापेक्षा तो माणूसच जास्त आवडला.

शेव्रलचा जन्म ३१ ऑगस्ट १७८६ रोजी फ्रान्समधल्या आंजे या गावी झाला. वडील डॉक्टर. तीन वर्षांचा असताना फ्रेंच राज्यक्रांती झाली. त्याचं बालपण गिलोटिनच्या सावलीत गेलं असं म्हटलं तरी चालेल. आधुनिक रसायनशास्त्राचा पाया घालणाऱ्या लॅव्हाझिएचं मुंडकं १७९४ साली उडवलं गेलं, तेव्हा हा अवघा सात वर्षांचा. अशा काळात एखाद्या मुलाने केमिस्ट व्हायचं ठरवावं हे विशेषच. १८०३ मध्ये, म्हणजे आपण बारावीला असतो त्या वयात, तो पॅरिसला गेला आणि क्रोमियम शोधणाऱ्या व्होकलँच्या प्रयोगशाळेत शिकू लागला.

१८११ साली एका कापडाच्या कारखान्यातून त्याच्याकडे साबणाचा एक नमुना तपासायला आला. डुकराची चरबी आणि पोटॅश यांपासून केलेला मऊसर साबण. काम अगदी साधं, आपण प्रॅक्टिकलला सँपल घेतो तसं. शेव्रलने तो साबण भरपूर पाण्यात घातला, तर तळाशी मोत्यासारखे चकाकणारे कण जमा झाले. दुसरा कुणी असता तर रिपोर्ट लिहून मोकळा झाला असता. याने त्या कणांवर आम्ल टाकून पाहिलं. हाती आला एक तेलकट पदार्थ, जो चरबीसारखा दिसायचा पण वागायचा मात्र आम्लासारखा!

तोपर्यंत लोकांची समजूत अशी होती की तेल आणि खार एकत्र चिकटले की साबण होतो. साबण माणूस हजारो वर्षं करत आला होता, पण आत काय घडतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. शेव्रलने दाखवलं की चरबी हा एकसंध पदार्थ नाही. ती मेदाम्लं आणि ग्लिसरीन यांची मिळून बनलेली असते. (मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे फॅटी ॲसिडला मेदाम्ल म्हणतात हे मला झेड.पी.च्या शाळेत शिकलेल्या रूममेटने सांगितलं. मेद अधिक आम्ल, किती सोपं!) खार चरबीतली आम्लं ओढून घेतो, त्यांचा साबण होतो आणि ग्लिसरीन मोकळं सुटतं. तो गोडसर द्रव शीलेने आधीच पाहिला होता, पण ग्लिसरीन हे नाव दिलं शेव्रलने.

केमिकलवाल्यांना आवडेल अशी गोष्ट पुढे आहे. त्याने मिळालेली आम्लं आणि ग्लिसरीन यांचं वजन केलं, तर बेरीज मूळ चरबीपेक्षा थोडी जास्त भरली. आपण असतो तर जर्नलमध्ये आकडे जुळवून टाकले असते. (सरांनी हे वाक्य वाचू नये!) शेव्रलने मात्र ते जास्तीचं वजन खरं मानलं आणि त्याचा अर्थ लावला, की चरबी फुटताना पाणीही त्यात सामील होतं. अणूंच्या रचनेबद्दल कुणाला धड काही माहीत नसताना निव्वळ तराजूवर काढलेला हा मास बॅलन्स आहे.

पुढची बारा वर्षं त्याने हेच काम केलं. बैल, मेंढी, हंस, डॉल्फिन, इतकंच काय, माणसाचीही चरबी तपासली. एकेक आम्ल पुन्हा पुन्हा विरघळवायचं, पुन्हा स्फटिक करायचे, आणि वितळण्याचं तापमान बदलायचं थांबलं की मगच ते शुद्ध मानायचं. आज आपण मेल्टिंग पॉइंट काढून शुद्धता तपासतो, त्या पद्धतीला वळण लावणाऱ्यांत तो अग्रभागी होता. स्टिअरिक, ओलेइक, ब्युटिरिक ही नावं त्याच्याच प्रयोगशाळेतली. मोत्यासारख्या कणांवरून त्याने एका आम्लाला मार्गारिक असं नाव दिलं, आणि बेकरीतल्या मार्गारिनचं नाव त्यावरूनच पडलं. गंमत म्हणजे हे मार्गारिक आम्ल एक नसून पामिटिक आणि स्टिअरिक यांचं मिश्रण होतं असं १८५०च्या दशकात सिद्ध झालं. म्हणजे त्याचंही सगळंच बरोबर नव्हतं, पण ते तपासायची वाट त्यानेच घालून दिली होती. हे सगळं काम १८२३ मध्ये पुस्तकरूपाने आलं.

आता आमचं भांडण. शेव्रलच्या नजरेने पाहिलं की दुकानातल्या बाटल्या वेगळ्याच दिसायला लागतात. बाटलीवरचं नाव आणि किंमत बाजूला ठेवायची आणि विचारायचं, आत कुठलं आम्ल किती? खोबरेल तेलात जवळजवळ निम्मं लॉरिक आम्ल असतं. त्याचा साबण कडक होतो, जड पाण्यातही फेस देतो, पण नुसत्या खोबरेलाचा साबण कातडी कोरडी करतो. पामतेलात पामिटिक आम्ल साधारण ४४ टक्के, त्यामुळे वडी टणक आणि टिकाऊ होते. ऑलिव्ह तेलात ओलेइक आम्ल बहुधा ७० टक्क्यांच्या आसपास, म्हणून साबण सौम्य होतो. पण ओलेइक काही फक्त परदेशी बाटलीतच मिळतं असं नाही. आपल्या शेंगदाणा तेलातही निम्म्याच्या आसपास तेच असतं. सूर्यफुलाच्या साध्या तेलात लिनोलेइक जास्त, त्याचा साबण मऊ पडतो आणि लवकर खवट होतो, म्हणून ते थोडंच घालावं. एरंडेलात रिसिनोलेइक आम्ल, ते फेस टिकवतं आणि किलोमागे पन्नासेक ग्रॅम पुरतं.

आणि शिया बटर? त्यात मुख्यतः स्टिअरिक आणि ओलेइक. कोकमाच्या भिरंडेलातही हीच दोन, उलट स्टिअरिक जास्तच, निम्म्याहून अधिक. शियामध्ये साबण न होणारे काही घटक जास्त असतात, त्यामुळे दोन्ही अगदी एकच असं म्हणता येणार नाही. पण वडीला घट्टपणा आणि मऊ स्पर्श द्यायला सिंधुदुर्गचा डबा पुरेसा होता. शेवटी आम्ही खोबरेल, पाम, शेंगदाणा, थोडं एरंडेल आणि चवीपुरतं भिरंडेल असं मिश्रण केलं. स्वस्त तेल घ्यायला हरकत नाही, पण ते ताजं हवं. तळणीचं उरलेलं किंवा खवट वास येणारं तेल फुकट मिळालं तरी नको, त्याचा वास वडीतही राहतो.

एक सूचना मात्र गंभीरपणे. प्रत्येक तेलाला लागणारा कॉस्टिक सोडा वेगळा असतो. एक किलो खोबरेलाला सुमारे १८३ ग्रॅम, तर शेंगदाणा तेलाला सुमारे १३५ ग्रॅम. कारण खोबरेलातले रेणू लहान, त्यामुळे तेवढ्याच वजनात त्यांची संख्या जास्त. खोबरेलाचं माप शेंगदाण्याला लावलं तर साबणात कॉस्टिक मोकळा राहील आणि कातडी भाजेल. त्यामुळे हिशोब तेलागणिक करायचा, वर पाचेक टक्के सोडा कमीच घ्यायचा. गॉगल, हातमोजे घालायचे, ॲल्युमिनियमचं भांडं वापरायचं नाही, आणि सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर नाही. आमच्या वड्या चार आठवडे फडताळात मुरल्या आणि मगच स्टॉलवर गेल्या.

असो. शेव्रलकडे परत येऊ. १८२५ मध्ये त्याने गे-ल्युसॅकबरोबर (हो, तोच वायूच्या नियमवाला) स्टिअरिक आम्लाच्या मेणबत्त्यांचं पेटंट घेतलं. तेव्हा सामान्य घरांत चरबीच्या मेणबत्त्या असत, धूर आणि दुर्गंधी सोडणाऱ्या. पण या दोघांचा धंदा काही चालला नाही. पुढे इतरांनी वातीचा आणि उत्पादनाचा प्रश्न सोडवला आणि मग त्या मेणबत्त्या घरोघरी गेल्या. शोध एकाचा आणि नफा दुसऱ्याचा, हे तेव्हाही होतंच.

दरम्यान १८२४ मध्ये त्याला गोब्लँ या सरकारी विणकाम कारखान्यात रंगविभागाचा प्रमुख नेमलं होतं. तिथे तक्रार होती की काळा रंग फिका पडतो. शेव्रलने रंग तपासला, तो उत्तम होता. दोष शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांचा होता! दोन रंग शेजारी आले की डोळा त्यांना बदलून पाहतो. यावर त्याने १८३९ मध्ये मोठा ग्रंथ लिहिला आणि पुढे सरासारख्या चित्रकारांनी त्यातून धडे घेतले. केमिस्टने चित्रकारांना शिकवावं, ही आमच्या ड्रॉइंगच्या सबमिशनला दिलासा देणारी बाब आहे.

मला सगळ्यात भावलेली गोष्ट लोलकाची. त्या काळी दोऱ्याला वजन बांधून ते पाऱ्यावर धरलं की आपोआप हलतं, असं अनेक जण मानत. शेव्रलने स्वतः करून पाहिलं, तर त्याच्याही हातात ते हललं. मग त्याने हाताला आधार दिला, तर हालचाल कमी झाली. डोळ्यांवर पट्टी बांधून घेतली, तर थांबलीच. म्हणजे हलवणारा तो स्वतःच होता, नकळत. हे त्याने १८३३ मध्ये अँपियरला लिहिलेल्या पत्रातून प्रसिद्ध केलं, आणि १८५४ मध्ये पाणी शोधणारी काठी आणि फिरणारी टेबलं यांवर पुस्तकच लिहिलं. आपल्याकडे आजही बोअर मारण्याआधी हातावर नारळ ठेवून पाणी पाहणारे असतात, आणि ते सगळे खोटारडे असतात असं नाही. आपलाच हात आपल्याला फसवू शकतो, एवढंच शेव्रलने दाखवलं, आणि तेही पहिल्यांदा स्वतःच्या हातावर.

१८७०-७१ मध्ये प्रशियन सैन्याने पॅरिसला वेढा घातला तेव्हा तो चौऱ्याऐंशी वर्षांचा होता आणि तिथल्या निसर्गविज्ञान संग्रहालयाचा संचालक होता. तो शहर सोडून गेला नाही. संग्रहालयावर तोफगोळे पडले त्याचा त्याने जाहीर निषेध नोंदवला. १८८६ मध्ये त्याची शंभरी देशभर साजरी झाली, सन्मानाचं पदक काढलं गेलं. त्या वर्षी नादार या प्रसिद्ध छायाचित्रकाराने त्याची मुलाखत घेतली आणि नादारच्या मुलाने बोलताना त्याचे फोटो काढले. जगातली पहिली सचित्र मुलाखत म्हणून ती ओळखली जाते. आयफेल टॉवरवर ७२ शास्त्रज्ञ-इंजिनिअरांची नावं कोरलेली आहेत. १८८९ मध्ये टॉवर पूर्ण झाला तेव्हा त्यांतले अगदी मोजके हयात होते, शेव्रल त्यांपैकी एक. टॉवरचं उद्घाटन ३१ मार्चला झालं आणि ९ एप्रिलला, एकशे दोन वर्षांचा होऊन, तो गेला.

एवढे सन्मान मिळाले तरी म्हातारपणी त्याला स्वतःची एकच ओळख आवडायची, ती म्हणजे फ्रान्समधला सर्वात ज्येष्ठ विद्यार्थी. आपण चार वर्षांत (के.टी. लागली तर पाचांत!) विद्यार्थीपण संपवून टाकायच्या घाईत असतो. इथे एक माणूस साबणाच्या नमुन्यापासून सुरू करून शंभरी ओलांडेपर्यंत शिकत राहिला, आणि दरवेळी त्याने एकच केलं. लोक सांगतात ते ऐकलं, मग मोजून पाहिलं, आणि तराजूवर आलं तेवढंच मानलं. तेव्हा पुढच्या वेळी दुकानात महागडी बाटली उचलाल तर आधी ती उलटी करून मागचं बारीक अक्षर वाचा. बघा, किती पैसे वाचतात ते!