मूठभर धान्याचे ऋण : कर्मवीर भाऊराव पाटील

आहार, औषध, शास्त्र आणि अभय अशी चार प्रकारची दाने आपल्या धर्मात श्रावकाला सांगितली आहेत. यांपैकी आहारदान आणि शास्त्रदान यांची सांगड घालून ज्यांनी हजारो निर्धन मुलांच्या जेवणाची आणि शिक्षणाची सोय एकाच छपराखाली केली, ते कर्मवीर भाऊराव पाटील आपल्याच परिसरातले आणि आपल्याच समाजात जन्मलेले होते. ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत त्यांचे पुण्यस्मरण करताना त्यांच्या जीवनातील एकाच अंगाकडे समाजबांधवांचे लक्ष वेधावे असे वाटते. ते अंग म्हणजे निधी गोळा करण्याची त्यांची रीत.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी बाहुबली क्षेत्रामुळे आपणा सर्वांस परिचित असलेल्या कुंभोज येथे झाला. घराणे वाळवा तालुक्यातील ऐतवडे बुद्रुकचे. वडील पायगोंडा महसूल खात्यात नोकरीस होते. शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापूरला गेले व तेथील दिगंबर जैन बोर्डिंगमध्ये राहिले. अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास ते गेले आणि परत आल्यावर स्नान करून शुद्ध होण्यास त्यांनी नकार दिला. त्यामुळे त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. ही घटना आपल्या समाजाला भूषणावह नाही, तरीही ती सांगितलीच पाहिजे. त्या बोर्डिंगचे अधीक्षक अण्णासाहेब लठ्ठे होते. पुढे १९१४ च्या सुमारास कोल्हापुरातील डांबर प्रकरणात याच लठ्ठ्यांविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून पोलिसांनी भाऊरावांचा छळ केला. त्यांनी तुरुंगवास सोसला, पण खोटी साक्ष दिली नाही. जनतेने पुढे त्यांच्या हाती पैसा आणि धान्य निःशंकपणे का सोपविले, याचे उत्तर मला या प्रसंगात दिसते.

मॅट्रिकची परीक्षा त्यांना उत्तीर्ण होता आले नाही. साताऱ्यात खासगी शिकवण्या घेऊन ते पाटील मास्तर झाले आणि नंतर किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराचे विक्रेते म्हणून गावोगाव हिंडले. आम्हा व्यापारी मंडळींना हा भाग विशेष जवळचा वाटतो. माल घेऊन खेड्यात फिरणाऱ्यास कोणाच्या घरी काय आहे व काय नाही, हे उंबऱ्यावरच समजते. भाऊरावांना तेथे असे दिसले की, शेतकऱ्याच्या मुलाचे शिक्षण अडते ते बहुधा शाळेच्या फीपेक्षाही परगावी दोन वेळच्या जेवणाचा खर्च न झेपल्याने. हुशार मुलगा चौथीनंतर गुरांमागे जाई आणि घरी त्याची कोणाला फारशी खंतही वाटत नसे.

आपल्या कुपवाडपासून जवळच वारणाकाठी दुधगाव आहे. तेथे १९१० च्या सुमारास भाऊराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थी आश्रम काढला. त्याच्या खर्चासाठी मुष्टिफंडाची योजना होती. घरच्या लक्ष्मीने नित्याच्या धान्यातून एक मूठ आश्रमासाठी वेगळी काढावयाची, एवढीच अपेक्षा. मुठीचे माप सर्वांना सारखे असल्याने मोठ्या वाड्यातून आणि छपराच्या घरातून येणाऱ्या दानात उच्चनीच राहत नाही. दुसरे असे की, या निधीला गुप्त राहणे शक्यच नव्हते. धान्य गावातले, शिजते गावात आणि जेवणारी मुले सर्वांच्या डोळ्यांसमोर. ज्या माउलीने मूठ काढली तिला आपल्या दाण्याचे काय झाले हे कोणास विचारावे लागत नसे. जुन्या पेठांमध्ये व्यापारी धर्मादाय म्हणून किरकोळ रक्कम बाजूला काढून तिचे स्वतंत्र खाते ठेवीत, त्याची येथे आठवण होते. ती रक्कम दुकानाच्या गल्ल्यात मिसळणे हे पाप समजले जाई. आज आपल्याकडे बोलीच्या वेळी मोठे आकडे ऐकू येतात, त्याचा आनंदच आहे. परंतु त्या सभेत मागे बसलेल्या आणि बोली लावण्याची ऐपत नसलेल्या कुटुंबालाही दाता होण्याचा मान मुष्टिफंड देऊ शकतो, ही गोष्ट मला अधिक मोलाची वाटते.

१९१९ मध्ये कराडजवळील काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली आणि १९२४ मध्ये तिचे कार्य साताऱ्यास आले. तेथील वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहू लागली व एका पंक्तीत जेवू लागली. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्यास छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असे नाव देण्यात आले.

या बोर्डिंगचा खरा आधार लक्ष्मीबाई होत्या. त्यांचे माहेर कुंभोजच्या सुखवस्तू पाटील घराण्यातले आणि संस्कार सोवळ्याचे. आरंभी त्यांना हे सारे जड गेले असल्यास नवल नाही. पुढे मात्र सर्व मुलांना त्यांनी पोटच्या मुलांप्रमाणे सांभाळले. कोठी रिकामी झाली की त्यांचा एकेक दागिना मोडला जाई. अखेर एके दिवशी भाऊराव परगावी असताना मुलांच्या धान्यासाठी त्यांनी गळ्यातील मंगळसूत्रही दिले. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. त्या काळातील जैन घराण्यातील सुवासिनीस मंगळसूत्र उतरविणे म्हणजे काय होते, हे आपल्या भगिनींना वेगळे सांगावयास नको. कर्मवीरांच्या गौरवाची भाषणे आपण पुष्कळ ऐकतो. लक्ष्मीबाईंचा उल्लेख त्यांत ओझरता येतो, याची खंत वाटते.

१९३५ मध्ये संस्थेची रीतसर नोंदणी झाली. देणगीदारांची नावे देण्यास भाऊरावांचा विरोध नव्हता. साताऱ्याच्या हायस्कूलला १९४० मध्ये त्यांनी बडोद्याच्या महाराजा सयाजीरावांचे नाव दिले. मात्र १९४७ मध्ये निघालेल्या शिवाजी कॉलेजचे नाव बदलण्याच्या अटीवर एका धनिकाने मोठी रक्कम देऊ केली, तेव्हा त्यांनी ती नाकारली, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. विद्यार्थ्यांना नुसते आयते जेवण मिळावे हेही त्यांना मान्य नव्हते. कमवा आणि शिका या योजनेत मुले शेतात राबत, पाणी भरीत, बांधकामावर जात. त्यामुळे आपण कोणाच्या उपकाराचे अन्न खातो ही बोच त्यांच्या मनात राहत नसे.

सर्वांत कठीण परीक्षा १९४८ नंतर आली. गांधीजींच्या हत्येनंतर त्यांच्या स्मरणार्थ १०१ हायस्कुले काढण्याचा संकल्प भाऊरावांनी केला होता. त्याच सुमारास त्यांच्या भाषणांवरून मुंबई सरकारची नाराजी ओढवली व संस्थेचे अनुदान बंद झाले. शेकडो शिक्षकांचे पगार आणि वसतिगृहांचा किराणा थांबण्याची वेळ आली. भाऊराव पुन्हा रयतेकडे गेले. लोकांनी यथाशक्ति पैसा दिला, धान्य दिले. संत गाडगे महाराजांनी सरकारदरबारी शब्द टाकला व कालांतराने अनुदान पुन्हा सुरू झाले. चाळीस वर्षे मूठमूठ देणाऱ्या लोकांचा विश्वास नसता, तर मधल्या काळात शाळांना कुलुपे लागली असती, असे माझे प्रामाणिक मत आहे. एखाद्याच मोठ्या देणगीदाराने हात आखडता घेतल्यावर संस्था कशा कोलमडतात, हे आपण सर्वजण पाहतोच.

१९५९ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले, पुणे विद्यापीठाने डी. लिट. देऊन गौरविले आणि त्याच वर्षी ९ मे रोजी पुणे येथे त्यांचे देहावसान झाले. संस्थेच्या शाखा आज सातशेहून अधिक आहेत. तथापि या सर्व पसाऱ्यात मला एका लहान संस्थेचा उल्लेख करावासा वाटतो. उच्च शिक्षणासाठी गरजू विद्यार्थ्यांना कर्ज मिळावे म्हणून भाऊरावांनी लक्ष्मीबाईंच्या नावाने शिक्षणोत्तेजक पतपेढी काढली. नोकरीस लागलेला विद्यार्थी घेतलेले पैसे परत करी आणि तेच पैसे पुढच्या मुलाच्या हाती जात.