सांता मोनिकाचा पाया घालणारे आर्चबिशप

कोल्हापुरात कॉन्व्हेंट म्हटले, की डोळ्यांसमोर येते ती इंग्रजी माध्यमाची शाळा. वस्तुतः या शब्दाचा मूळ अर्थ आहे मठ. आजन्म ब्रह्मचर्याचे व्रत घेतलेल्या धर्मभगिनींचे निवासस्थान. असा पूर्वेकडील पहिला मोठा मठ आपल्यापासून फार दूर नाही. आंबोलीचा घाट उतरून गोव्यात जाणारे आपले प्रवासी जुन्या गोव्यात बॉम जीझसचे चर्च पाहतात, समोरचे से कॅथेड्रल पाहतात आणि परत फिरतात. तेथून जवळच्याच टेकडीवर जांभ्या दगडाची तीन मजली, गढीसारखी भक्कम इमारत उभी आहे. हाच तो सांता मोनिका मठ. त्याचा पाया घालणारे आर्चबिशप आलेशो द मेनेझिस यांचे चरित्र या इमारतीइतकेच भव्य आणि तितकेच वादग्रस्त आहे.

मेनेझिस यांचा जन्म 1559 मध्ये लिस्बन येथे एका मातब्बर सरदार घराण्यात झाला. वडील पोर्तुगालचा बालराजा सेबास्तियन याचे शिक्षक आणि पालक होते. दरबारातील मानमरातब समोर असताना या तरुणाने मात्र संत ऑगस्टिनच्या पंथाची दीक्षा घेतली. तरीही सत्तेने त्यांची पाठ सोडली नाही. वयाच्या अवघ्या छत्तिसाव्या वर्षी, 1595 मध्ये, ते गोव्याचे आर्चबिशप होऊन हिंदुस्थानात आले. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून थेट चीनपर्यंत पसरलेल्या पोर्तुगीज ठाण्यांचा धार्मिक कारभार त्या काळी गोव्यातून चाले.

इतिहास त्यांना प्रामुख्याने ओळखतो तो केरळातील एका घटनेमुळे. 1599 मध्ये उदयंपेरूर येथे धर्मसभा भरवून त्यांनी तेथील प्राचीन सीरियन परंपरेच्या ख्रिस्ती समाजाला रोमच्या शिस्तीत आणले. त्या समाजाचे कित्येक सीरियन ग्रंथ पाखंडी ठरवून जाळण्यात आले. केरळातील ख्रिस्ती समाजाच्या मनातील ही जखम पुढे शतकानुशतके भरली नाही. मेनेझिस यांच्या कर्तृत्वाचे मोजमाप करताना ही बाजू नजरेआड करता येणार नाही.

गोव्यात मात्र त्यांच्यापुढे निराळाच प्रश्न उभा होता. हे शहर समुद्रावर जगत होते आणि समुद्रावरच मरत होते. लढायांत, वादळांत आणि साथींत पुरुष बळी पडत. मागे राहत त्या विधवा आणि पोरक्या मुली. सोळाव्या शतकाच्या मध्यापासून पोर्तुगालचा राजाही अनाथ मुलींना लग्नासाठी जहाजाने गोव्यात पाठवीत असे. कुलीन घराण्यांत हुंड्याचा बोजा एवढा, की एका मुलीचे लग्न झाले, तर दुसरीसाठी काही उरत नसे. अशा स्त्रियांसाठी मेनेझिस यांनी प्रथम आश्रयगृहे सुरू केली. परंतु आश्रयगृह म्हणजे तात्पुरता निवारा. ज्यांना संसाराकडे पाठ फिरवून व्रतस्थ जीवन जगायचे होते, त्यांच्यासाठी साऱ्या पूर्वेत एकही मठ नव्हता.

1606 मध्ये मेनेझिस यांनी टेकडीवर या मठाची कोनशिला बसवली. याच सुमारास कोल्हापूरजवळच्या पन्हाळ्यावर विजापूरच्या इब्राहिम आदिलशहाचा अंमल होता. टेकडीवर ऑगस्टिनच्या पंथाच्या साधूंचा मठ आधीच उभा होता. त्याच्या समोर होणाऱ्या स्त्रियांच्या मठाला नाव दिले गेले ते संत मोनिकाचे. मोनिका ही ऑगस्टिनची माता. पुत्राच्या घरासमोर आईचे घर, असा हा योग. पहिल्या धर्मभगिनींमध्ये फिलिपा फेरैरा ही विधवा आणि तिची मुलगी होती. मायलेकींनी एकाच वेळी संसाराचा निरोप घेतला.

मठाची रचना त्यातील जीवनक्रमाला धरूनच झाली. मधोमध मोकळे चौकोनी अंगण, त्याच्या चारही बाजूंनी कमानींचे सोपे आणि वरच्या मजल्यांवर खोल्या. चर्चचे दार रस्त्याच्या बाजूला, म्हणजे नागरिकांना प्रार्थनेला येता यावे. धर्मभगिनींची जागा मात्र जाळीच्या पलीकडे. त्यांचा स्वर ऐकू यावा, चेहरा दिसू नये. एकदा आत गेलेली स्त्री पुन्हा बाहेर पडत नसे. भिंतींना बाहेरून दिलेले प्रचंड दगडी टेकू आजही त्या अलिप्ततेची साक्ष देतात.

काम सुरू झाले, तोच राज्यावर संकट कोसळले. डचांनी मलाक्काला वेढा घातला. व्हाइसरॉय तिकडे धावून गेले आणि 1607 मध्ये तेथेच मरण पावले. त्यामुळे गव्हर्नरपदही मेनेझिस यांच्याकडे आले. 1609 पर्यंत धर्मसत्ता आणि राजसत्ता अशी दोन्ही सूत्रे त्यांच्या हाती होती. मठाच्या पाठीशी एवढा सामर्थ्यवान माणूस उभा होता, म्हणूनच त्याची पायाभरणी निभावली, असे म्हणावे लागते.

कारण विरोध लहान नव्हता. मठात येणारी मुलगी हुंडा बरोबर आणी आणि तो मठाच्या तिजोरीत जाई. शहरातील पैसा आणि जमीनजुमला मठाकडे वळेल, लग्नाच्या मुलीच उरणार नाहीत, अशी नगरसभेची तक्रार होती. ती राजापर्यंत पोहोचली आणि धर्मभगिनींची संख्या शंभरावर मर्यादित करण्यात आली. आतही सारे समान नव्हते. काळ्या पदराच्या भगिनी बहुतांशी पोर्तुगीज वंशाच्या आणि हुंडा आणणाऱ्या. पांढऱ्या पदराच्या भगिनींकडे सेवेची कामे. त्यांच्याही खाली होत्या विकत घेतलेल्या दासी. ज्या घराने एकीला आसरा दिला, त्याच घराने दुसरीची पायरी कायम ठेवली.

मेनेझिस यांना आपली वास्तू पूर्ण झालेली पाहता आली नाही. ते पोर्तुगालला परतले. 1612 मध्ये ब्रागाचे आर्चबिशप झाले, पुढे काही काळ पोर्तुगालचे व्हाइसरॉयही झाले. 1617 मध्ये माद्रिद येथे त्यांचे निधन झाले. मठ पूर्णत्वास गेला तो त्यानंतर दहा वर्षांनी, 1627 मध्ये. त्यांच्या माघारी ही जबाबदारी पेलली ती धर्मभगिनींनी आणि मठाचे कारभारी, त्यांच्याच पंथाचे साधू दियोगो द सांताना यांनी. 1636 मध्ये आगीने मठ भस्मसात केला, तेव्हा तो पुन्हा उभारण्याची हिंमतही याच मंडळींनी दाखवली.

काळाचा न्याय विलक्षण असतो. मेनेझिस यांनी केरळात बळाने घडवून आणलेली एकी 1653 मध्ये कूनन कुरिशूच्या शपथेने दुभंगली. मठासमोरचा साधूंचा मठ 1835 मध्ये ओस पडला. त्याच्या घंटाघराचा अर्धाच सुळका आज शिल्लक आहे. सांता मोनिकात 1834 नंतर नव्या भगिनींना प्रवेश बंद झाला आणि 1885 मध्ये शेवटच्या वृद्ध भगिनीने डोळे मिटले. त्यानंतर या चौकात सैनिकांच्या बुटांचा आवाज घुमला. पण वास्तू तगली. 1964 मध्ये येथे धर्मभगिनींच्या शिक्षणाची मातेर देई ही संस्था सुरू झाली. 2002 मध्ये ख्रिस्ती कलेचे संग्रहालय मठाच्या आवारात आले.

एका सत्ताधीशाने धर्मसभेच्या हुकुमाने जे उभारले, ते टिकले नाही. निराधार स्त्रियांची गरज ओळखून जे उभारले, ते चार शतकांनंतरही टिकून आहे. पुढच्या गोवा भेटीत बॉम जीझसवरून मागे न फिरता ती टेकडी जरूर चढावी. जांभ्याच्या त्या भिंती आसऱ्याच्या होत्या की बंदिवासाच्या, याचे उत्तर प्रत्येकाने तेथे उभे राहूनच शोधावे.