लुई पाश्चर : घायाळ वाटसरूंचा कैवारी

प्रवासास निघताना आपणांस लुई पाश्चर यांचे कधी स्मरण होते काय? फ्रान्समधील डोल या गावी १८२२ साली कातडी कमावणाऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. त्यांच्या तीन कन्या अल्पवयातच निवर्तल्या. १८६८ साली पक्षाघाताने डावे अंग लुळे पडले. तरी संशोधनव्रत सुटले नाही.

६ जुलै १८८५ रोजी आल्सास प्रांतातून एक माता आपल्या नऊ वर्षांच्या जोझेफ माइस्टरला घेऊन पॅरिसला त्यांच्याकडे आली. पिसाळलेला कुत्रा त्याला अनेक ठिकाणी चावला होता. पाश्चर स्वतः वैद्य नव्हते आणि लस पुरती पारखलेली नव्हती. टोचावी तर लशीचेच भय, न टोचावी तर रेबीजचे. अखेर डॉक्टर ग्रांशे यांच्या हातून टोचण्या सुरू झाल्या आणि बालक वाचले. पुढील वर्षी लांडग्याने चावलेले एकोणीस रशियन थेट स्मोलेन्स्कहून आले. त्यांपैकी सोळा वाचले. १८९५ साली पाश्चर निवर्तले.

तेव्हा लशीसाठी देश ओलांडावे लागत. आज दुर्गम भागी जाणाऱ्याला ती निघण्यापूर्वीच डॉक्टरांच्या सल्ल्याने घेता येते. तरीही प्राणी चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा आणि तत्काळ दवाखाना गाठा. पूर्वी लस घेतलेल्यांनाही पुन्हा टोचून घ्यावे लागते. लक्षणे दिसू लागल्यावर मृत्यू बहुधा टळत नाही.

दाखल्यातील शोमरोनीही वाटेवरच्या घायाळापाशी थांबला, त्याने प्रथम जखमांकडे पाहिले आणि मग त्याला उतारशाळेत नेले. आपणही विलंब न लावता तसेच करू या.