चित्रपटकार आचार्य अत्रे

कै. प्रल्हाद केशव अत्रे ह्यांचे नाव निघाले की कोणास ‘झेंडूची फुले’ आठवतात, कोणास ‘मराठा’तील घणाघाती अग्रलेख, तर कोणास संयुक्त महाराष्ट्राच्या प्रचंड सभा. चित्रपटसृष्टीत त्यांनी घालविलेल्या वर्षांचे स्मरण मात्र बहुधा एका ‘श्यामची आई’पाशीच थांबते. हा त्यांच्यावर थोडासा अन्यायच होय.

१३ ऑगस्ट १८९८ रोजी सासवडजवळील कोडीत येथे जन्मलेले अत्रे पेशाने शिक्षक. बोलपटामुळे नाटकगृहे ओस पडू लागली असता १९३३ मध्ये ‘साष्टांग नमस्कार’ लिहून त्यांनी प्रेक्षकांस पुन्हा रंगभूमीकडे वळविले. आणि गंमत अशी की, चारच वर्षांनी ते स्वतः त्या बोलपटाचे लेखक झाले! कोल्हापूरच्या हंस पिक्चर्ससाठी त्यांनी १९३७ साली ‘धर्मवीर’ लिहिला. त्याच संस्थेसाठी खांडेकर गंभीर कथा लिहीत, अत्रे हसवीत. १९३८ च्या ‘ब्रह्मचारी’त सिनेनट्यांची चित्रे फेकून देऊन ब्रह्मचर्याची शपथ घेणाऱ्या औदुंबराची त्यांनी जी फटफजिती केली, ती पाहून महाराष्ट्र पोट धरून हसला. मीनाक्षीबाईंच्या पोहण्याच्या पोषाखावरून गदारोळही कमी झाला नाही. पाठोपाठ ‘ब्रँडीची बाटली’ आली. हे सारे विनोद ढोंगावर होते, हे ध्यानात घेतले पाहिजे.

परंतु दुसऱ्याच्या संस्थेसाठी लिहिणारा लेखक कितीही नामांकित असला, तरी कोणता विषय पडद्यावर यावा हे तो ठरवीत नाही. म्हणूनच की काय, अत्रे निर्माते झाले. १९४१ च्या ‘पायाची दासी’त सासुरवास मांडला गेला, सुनेच्या भूमिकेत वनमालाबाई होत्या.

ह्याच वनमालाबाईंस बारा वर्षांनी त्यांनी श्यामची आई केले. ‘सिकंदर’सारख्या भव्य हिंदी चित्रपटाची ही देखणी नायिका दारिद्र्याने गांजलेली कोकणातील माउली म्हणून शोभेल, हे ओळखण्यास धाडस लागते. लेखन, निर्मिती व दिग्दर्शन तिन्ही अत्र्यांचेच. येथेही पोहण्याचा प्रसंग आहेच; पण तो भित्र्या श्यामला आई छडी मारून पोहावयास धाडते त्याचा! १९५४ साली प्रथमच देण्यात आलेल्या राष्ट्रीय पारितोषिकांत ह्या चित्रपटास राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. आपल्या घरांतील आजी-आजोबांनी त्या दिवसांची आठवण खचितच सांगितली असेल.

‘श्यामची आई’नंतर असाच दुसरा कौटुंबिक चित्रपट काढणे सोपे होते. अत्र्यांनी १९५४ मध्ये ‘महात्मा फुले’ काढला. पांढरपेशा घरांत जोतीरावांचे नाव त्या काळी आदराने घेतले जाई, असे म्हणवत नाही. ब्राह्मण कुळात जन्मलेल्या अत्र्यांस हे ठाऊक नव्हते असेही नाही. बाबूराव पेंढारकर जोतीराव झाले, सुलोचनाबाई सावित्रीबाई. मुहूर्तास डॉ. बाबासाहेब आंबेडकर उपस्थित होते, आणि पडद्यावर गाडगेबाबांचे कीर्तन आले. ह्या चित्रपटासही राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले. आज ‘श्यामची आई’ सर्वांस ठाऊक आहे. ‘महात्मा फुले’ पाहिलेले लोक मात्र शोधावे लागतात.

१९५६ मध्ये ‘मराठा’ दैनिक निघाले आणि अत्र्यांची लेखणी चळवळीच्या कामी लागली. १३ जून १९६९ रोजी ते निवर्तले. मुंबईत दूरदर्शन सुरू झाले ते १९७२ च्या ऑक्टोबरात. घरोघर शिरलेला तो छोटा पडदा ह्या मोठ्या माणसाच्या हाती कधी आलाच नाही.