लिली पार : एक फुटबॉलपटु

फुटबॉलांत नांवाजलेल्या पुरुषांचीं नांवें आमच्या शाळेंतील लहान मुलांसही पाठ असतात. परंतु शंभर वर्षांपूर्वीं इंग्लंडांत मुलींचा सामना पाहावयास पन्नास हजारांवर लोक लोटले होते, ही गोष्ट त्यांच्या वडील मंडळींच्याही कानीं क्वचितच आली असेल. त्या सामन्यांच्या काळांत जिची कीर्ति सर्वांत अधिक झाली त्या लिली पारचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

लिलीचा जन्म 26 एप्रिल 1905 रोजीं लँकेशायर परगण्यांतील सेंट हेलेन्स येथें झाला. हें गांव कांचेच्या कारखान्यांविषयीं प्रसिद्ध असून तिचा बाप अशाच एका कारखान्यांत मजुरी करी. सात भावंडांच्या त्या घरांत मुलीसाठीं निराळें खेळणें कोठून येणार? शिवणकाम व स्वयंपाक यांत तिचें मन रमेना. ती आपल्या भावांबरोबर मोकळ्या जागेंत फुटबॉल व रग्बी खेळे, आणि दूर अंतरावरून चेंडू नेमका मारण्याची हातोटी तिनें त्यांच्याच संगतींत साधली.

इकडे 1914 चें महायुद्ध सुरू होऊन पुरुष रणांगणावर गेले व दारूगोळ्याच्या कारखान्यांतून स्त्रिया कामास लागल्या. प्रेस्टन शहरांतील डिक, कर आणि कंपनीच्या कामगार स्त्रियांनीं आपला संघ उभारला. 1917 सालीं ऐन नाताळच्या दिवशीं डीपडेलच्या मैदानावर त्यांनीं जखमी सैनिकांच्या रुग्णालयासाठीं सामना केला, तेव्हां 10,000 प्रेक्षक जमले. आल्फ्रेड फ्रँकलंड हे या संघाचे व्यवस्थापक. सेंट हेलेन्सच्या संघांतून खेळणारी लिली त्यांच्या दृष्टीस पडली आणि 1920 च्या सुमारास, पुरतीं पंधरा वर्षें होतात न होतात तोंच, ती प्रेस्टनच्या संघांत दाखल झाली. कारखान्यांत नोकरी व दर सामन्यास खर्चापोटीं 10 शिलिंग असा ठराव होता. त्याशिवाय तिला वुडबाईन सिगारेटीही मिळत असें सांगतात. तिच्या चरित्रांतील हा भाग आमच्या वाचकांनीं केवळ वाचून सोडून द्यावा.

लिली जवळजवळ सहा फूट उंच होती. ती डाव्या बगलेवरून खेळे, व तिच्या डाव्या पायाचा तडाखा पुरुषांसही भारी पडे. त्या काळचा चेंडू कातड्याचा असून पाण्यानें भिजला म्हणजे अतिशय जड होई. अलिबागच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळीं ओल्या वाळूंत भिजका चेंडू ज्यांनीं लाथाडला असेल, त्यांस मैदानाच्या कडेवरून तो थेट गोलासमोर पोंचविणें म्हणजे काय हें निराळें सांगावयास नको. तिच्या फटक्यानें एका पुरुष गोलरक्षकाचा हात मोडल्याची आख्यायिका आहे. ती आम्हीही आख्यायिका म्हणूनच देतों.

26 डिसेंबर 1920 रोजीं लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर या संघाचा सामना सेंट हेलेन्सच्या, म्हणजे लिलीच्या जन्मगांवच्याच, संघाशीं झाला. आंत 53,000 लोक होते, व जागा नसल्यामुळें दहा हजारांहून अधिक लोकांस दारावरूनच परतावें लागलें. प्रेस्टनच्या मुलींनीं 4 गोलांनीं सामना जिंकला आणि धर्मादायासाठीं 3,000 पौंडांवर रक्कम गोळा झाली.

याच वैभवानें पुढें संकट ओढवलें. 5 डिसेंबर 1921 रोजीं इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशननें ठराव करून आपल्या क्लबांचीं मैदानें स्त्रियांच्या सामन्यांस बंद केलीं. हा खेळ स्त्रियांस योग्य नाहीं, आणि जमलेल्या पैशाचा फार मोठा भाग खर्चाकडे जातो, असे त्यांचे आक्षेप होते. दुसऱ्या आक्षेपाचा निकाल हिशेब तपासून लावतां आला असता, असें आम्हांस वाटतें. पुरुष युद्धावर असतांना हाच खेळ देशसेवा म्हणून गौरविला गेला होता, हेंही विसरतां येत नाहीं.

कित्येक संघ लवकरच मोडले. प्रेस्टनच्या मुली मात्र 1922 सालीं सागर ओलांडून कानडांत गेल्या. तेथेंही त्यांस खेळण्याची मनाई झाली, तेव्हां अमेरिकेंत जाऊन त्यांनीं पुरुषांच्या संघांशीं 9 सामने केले. त्यांपैकीं 3 जिंकले, 3 हरले व 3 बरोबरींत सुटले.

1926 च्या सुमारास कारखान्याशीं असलेला संबंध तुटला व संघास प्रेस्टन लेडीज हें नांव मिळालें. लिलीनें व्हिटिंगहॅम येथील मनोरुग्णांच्या रुग्णालयांत परिचारिकेचें काम पत्करलें. आठवडाभर रुग्णांची शुश्रूषा करावी आणि सुटीच्या दिवशीं जें मैदान मिळेल त्यावर खेळावें, असा क्रम तिनें वर्षानुवर्षें चालविला. मोठीं मैदानें बंद, गर्दी ओसरलेली, वर्तमानपत्रांतून उल्लेखही क्वचित्. तरीहि 1951 पर्यंत ती खेळतच होती. तिनें एकंदर नऊशेंहून अधिक गोल केले असें मानितात.

1971 सालीं बंदी पूर्णपणें उठली तेव्हां लिलीनें पासष्टी ओलांडली होती. 24 मे 1978 रोजीं कर्करोगानें तिचें निधन झालें. 2002 सालीं इंग्लंडच्या राष्ट्रीय फुटबॉल संग्रहालयानें थोर खेळाडूंच्या मालिकेंत पहिली स्त्री म्हणून तिचें नांव घातलें, आणि 2019 सालीं मँचेस्टर येथें त्याच संग्रहालयांत तिचा पुतळा उभारण्यांत आला.