वायूला तराजूत तोलणारा माणूस

पेणच्या गणपती कारखान्यात रंगकाम चालू असताना कधी गेलायत? थिनरवाल्या रंगाचा स्प्रे सुरू झाला की वास थेट डोक्यात जातो. तिथून रोह्याकडे निघालात की धाटावची एमआयडीसी लागते, तिथे रसायनांचे कारखाने. अशा ठिकाणची वाफ, वायू पकडायचा एक जुना उपाय म्हणजे सक्रिय कार्बन. साध्या भाषेत, खास तयार केलेला कोळसा. हा कोळसा वायू कसा आणि किती धरतो, हे शोधण्यात आयुष्यातली कितीतरी वर्षं घालवलेला एक माणूस उतारवयात आपल्या पुण्यात आला होता. त्यांचं नाव जेम्स विल्यम मॅकबेन.

जन्म १८८२चा, कॅनडातला. शिक्षण टोरांटोत, मग जर्मनीत. १९०६ साली ते इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला शिकवायला लागले. १९०९ मध्ये, वयाच्या २७व्या वर्षी, त्यांनी कोळशावर हायड्रोजन सोडून पाहिला. बराचसा वायू झटक्यात कोळशाच्या पृष्ठभागाला चिकटला, म्हणजे अधिशोषण झालं. उरलेला मात्र कित्येक तास हळूहळू आत मुरत राहिला, म्हणजे शोषण. दोन्ही क्रिया एकत्रच चालतात, मग दोन्हींना मिळून एक शब्द हवा म्हणून त्यांनी ‘सॉर्प्शन’ हा शब्द दिला. तो आजही पुस्तकांत आहे.

आता तुम्ही म्हणाल, कोळशात एवढं काय आहे? आपल्या कोकणातली नारळाची करवंटी घ्या. हवा न लागू देता जाळून तिचा कोळसा करा आणि ८००-९०० अंशांवर त्यातून पाण्याची वाफ सोडा. आत असंख्य सूक्ष्म छिद्रं तयार होतात. अशा एका ग्रॅम कोळशाचं आतलं क्षेत्रफळ १००० चौरस मीटरच्या आसपास भरतं. म्हणजे सात कबड्डी मैदानांहून जास्त, तेही चिमूटभर कोळशात! पहिल्या महायुद्धात विषारी वायू सोडले गेले, तेव्हा सैनिकांच्या मास्कमध्ये करवंटीचा कोळसाही भरला गेला होता.

पण कोळशाने नेमका किती वायू घेतला, हे कळणार कसं? १९२६ साली मॅकबेन यांनी बक्र या सहकाऱ्यासोबत एक तराजू बनवला. काचेच्या बंद नळीत क्वार्ट्‌झची नाजूक स्प्रिंग आणि तिला टांगलेला कोळसा. वायू धरला की कोळसा जड होतो, स्प्रिंग ताणली जाते. किती ताणली ते बघायचं, वजन कळतं. त्याच सुमारास ते अमेरिकेत स्टॅनफर्डला गेले. १९३२ मध्ये त्यांनी या विषयावर जाडजूड ग्रंथ लिहिला. साबणाच्या पाण्यावरचं त्यांचं कामही तितकंच गाजलं.

निवृत्तीनंतर आराम करता आला असता. पण १९४९ मध्ये, ६७व्या वर्षी, ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले संचालक झाले. ३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरूंनी पाषाणच्या या प्रयोगशाळेचं उद्घाटन केलं. १९५२ पर्यंत मॅकबेन यांनी तिची घडी बसवली आणि १९५३ मध्ये ते गेले.

त्यांचा तराजू आपल्याला एक साधी गोष्ट शिकवतो : कोळसा भरतो. आणि भरलेला कोळसा दिसायला नव्यासारखाच काळा असतो. कारखान्याच्या धुराड्याआधी बसवलेला असो की मास्कमधला, जागा संपली की वायू सरळ पुढे जातो. मोठ्या यंत्रणेत तो तापवून पुन्हा वापरता येतो, मास्कमधला मात्र बदलावाच लागतो. उघडा ठेवला तर नुसत्या हवेतही तो भरत जातो. नाकाला बांधलेला रुमाल तर वाफ अडवतच नाही.

तेव्हा तुमच्या घरचं, ओळखीचं कुणी स्प्रे मारत असेल, तर एवढंच विचारा : मास्कमध्ये कार्बन आहे का? आणि शेवटचा कधी बदललात?