स्नानगृहात गवसलेला प्रकाश: वास्तुविशारद लुई कान

ढाक्याचे संसद भवन आणि अहमदाबादची भारतीय व्यवस्थापन संस्था या वास्तूंमुळे लुई कान हे नाव आपल्या उपखंडाला परिचित आहे. मात्र या थोर वास्तुविशारदाला स्वतःची वाट सापडली ती अमेरिकेतील एका जलतरण तलावाच्या साध्या स्नानगृहात.

कान यांचा जन्म १९०१ मध्ये आजच्या एस्टोनियातील एका गरीब ज्यू कुटुंबात झाला. बालपणी निखाऱ्यांच्या तेजाला भुलून त्यांनी ते जवळ घेतले आणि त्यांचा चेहरा भाजला. ते व्रण जन्मभर राहिले. प्रकाशाची ओढही राहिली. १९०६ मध्ये कुटुंब फिलाडेल्फियाला आले. मूकपटांना पियानोची साथ देऊन लुई यांनी घराला हातभार लावला आणि १९२४ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची पदवी मिळवली. पुढे मंदीने कामे हिरावली. पन्नाशीपर्यंत त्यांना म्हणावे तसे यश लाभले नाही.

१९५५ मध्ये न्यू जर्सीतील ट्रेंटनजवळ ज्यू समाजकेंद्राचे स्नानगृह उभे राहिले. मध्ये उघडा चौक, भोवती काँक्रीटच्या ठोकळ्यांची चार चौकोनी दालने आणि त्यांवर पिरॅमिडसारखी लाकडी छपरे. छपरे भिंतींवर टेकत नाहीत. कोपऱ्यांतील पोकळ खांब त्यांना तोलतात. भिंत व छप्पर यांमधील फटीतून आणि शिखरावरील झरोक्यातून ऊन आत उतरते. खिडकीची गरज उरत नाही. शौचालये, आडोशाची प्रवेशद्वारे अशा सोयी त्या पोकळ खांबांतच सामावल्या. मुख्य दालने आणि त्यांची सेवा करणाऱ्या जागा असा भेद इथे प्रथम स्पष्ट झाला व त्यांच्या पुढील कार्याचा पाया ठरला.

या यशात त्यांच्या सहकारी अ‍ॅन टिंग यांचा वाटा मोठा होता. पिरॅमिडच्या छपरांची सूचना आपली असल्याचे त्यांनी नोंदवले आहे. तथापि श्रेय दीर्घकाळ एकट्या कान यांच्याच पदरी पडले.

साल्क संस्था, किंबेल कलासंग्रहालय यांनी कान यांना जागतिक कीर्ती दिली, पैसा नव्हे. १७ मार्च १९७४ रोजी अहमदाबादहून परतताना न्यूयॉर्कच्या रेल्वे स्थानकात हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. दोन दिवस कुटुंबाला वार्ताही नव्हती; मागे मोठे कर्ज राहिले. काळाच्या ओघात जीर्ण झालेल्या ट्रेंटनच्या स्नानगृहाचा २०१० मध्ये जीर्णोद्धार झाला. आजही पोहायला येणारे त्याच झरोक्यांखाली कपडे बदलतात.